बंदर कसं आहे, हे विचारू नका

पत्र: मी दर दुसऱ्या रविवारी पाच मित्रमैत्रिणींसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालवते. पात्रं होऊन, बोलून आणि फासे टाकून गोष्ट पुढे न्यायचा हा खेळ; त्यातलं जग आणि संकटं मांडणारी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, मी. जग मीच बांधलं आहे: सात बेटं, मिठाचा व्यापार, चाळीस पानांच्या नोट्स. नऊ सेशन झाली, तरी कुणाला बेटांची नावंसुद्धा आठवत नाहीत. म्हणून गेल्या खेपेला म्हटलं, हे नवीन बंदर कसं आहे ते तुम्हीच सांगा. (पात्रं अशी: बार्ड म्हणजे भाट, फायटर लढवय्या, रेंजर रानातली वाटाडी, क्लेरिक देवाची उपासक, विझर्ड जादूगार.) बार्ड खेळणारा वीस मिनिटं एकटाच बोलला. फायटरने उडती रेल्वे आणली, वर त्याचा काका आरमाराचा सरखेल निघाला. रेंजर म्हणाली, "मला काहीही चालेल." क्लेरिकने जाहीर केलं की देवळातला खून पुजाऱ्यानेच केला. खुनी दुसराच आहे, आणि ते मी सहा सेशन सांभाळून ठेवलं होतं. विझर्ड खेळणारा घरी जाताना म्हणाला, "मला जग शोधायचंय, बनवायचं नाहीये." आता सगळं परत माझ्याच हातात घेऊ का?
– सात बेटांची डीएम, ठाणे

उत्तर: परत हातात घेऊ नका. खेळाडूंना विचारलंत हे बरोबरच केलंत, प्रश्न चुकला. "बंदर कसं आहे?" असं पाच जणांना एकदम विचारलं की नेमकं हेच होतं. ज्याला बोलायला आवडतं तो सगळी जागा भरून टाकतो. जिला विचार करायला वेळ लागतो ती "काहीही चालेल" म्हणून सुटका करून घेते. ज्याच्या डोक्यात आधीच काहीतरी घोळत असतं तो ते टेबलावर ओततो. यात कुणाची खोड नाही. कोरा कागद भरायला तुम्हाला स्वतःला चाळीस पानं लागली, आणि ती एकांतात, सवडीने लिहिलीत. तेच काम त्यांना चारचौघांत, दोन मिनिटांत करायला सांगितलंत.

खेळाडूंनी जगात भर घालायची म्हणजे मूळ खेळ बिघडवायचा, अशी धाकधूक पत्रात जाणवते, म्हणून हेही सांगतो. हा खेळ १९७४ साली छापला गेला, पण त्याआधीच त्याच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात घरच्यांना आणि मित्रांना घेऊन तो खेळत होते. 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क' या मंत्रातला टेन्सर हे त्यांचा मुलगा अर्नी याचं पात्र होतं. अर्नेस्ट या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवून ते नाव झालं. 'मेल्फ्स ॲसिड ॲरो'मधला मेल्फ हा दुसरा मुलगा ल्यूक याचा. 'ड्रॉमिज इन्स्टंट समन्स'मधलं नाव म्हणजे त्यांच्या टेबलावरचा खेळाडू जिम वॉर्ड याचं नाव इंग्रजीत उलटं लिहिलेलं. तुमच्या टेबलावरच्या नियमपुस्तकात खेळाडूंची भर अशी कित्येक दशकं छापून येते आहे.

आता प्रश्न कसा घडवायचा ते. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

प्रश्न एकाच पात्राला, नाव घेऊन विचारा. त्यात एखादी गोष्ट तुम्ही आधीच ठरवून टाकलेली असू द्या. मोकळी जागा एका वाक्यात भरेल एवढीच ठेवा. आणि उत्तरातून कुणाचा तरी राग, देणं, भीती किंवा ओढ बाहेर पडेल असं पाहा. "बंदर कसं आहे?" याऐवजी असं विचारा: "रेंजर, तू इथे पूर्वी एकदा येऊन गेली आहेस. धक्क्यावरच्या मिठाच्या वखारीत तुला आजही कुणी पाऊल ठेवू देणार नाही. तू कुणाचं काय बिघडवलं होतंस?" धक्का, मीठ, वखार, जुनी भेट हे सगळं तुमचं. तिने द्यायचा फक्त एक माणूस आणि एक अपराध. ती म्हणाली, "मुकादमाची होडी न विचारता घेऊन गेले आणि बुडवली," की तुमच्या हाती एक एनपीसी (खेळाडूंचं नसलेलं, डीएमने चालवायचं पात्र), एक वैर आणि पुढच्या वीस मिनिटांचा प्रसंग आला. "काहीही चालेल" म्हणणारी खेळाडू या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर देते, कारण तिला जग रचायचं नसतं, एक आठवण सांगायची असते.

"काय आहे" आणि "कसं आहे" या प्रश्नांतून वर्णन येतं. "कोण" आणि "का" यांतून नाती येतात. बंदराला किती मनोरे आहेत हे पुढच्या रविवारपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. मुकादम आपल्यावर खार खाऊन आहे, हे मात्र पाचही जणांच्या लक्षात राहतं. तुमच्या बेटांची नावं कुणाला आठवत नाहीत त्याचंही कारण हेच. त्या नावांशी अजून कुणाचं देणंघेणं नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. मनात दहापर्यंत मोजा. शांतता डीएमला फार लांब वाटते, विचार करणाऱ्याला ती अपुरी पडते. दहा झाले की दोन पर्याय पुढे करा आणि तिसरं दार उघडं ठेवा: "मुकादम की जकातदार? की तिसरंच कुणी?" तरीही सुचलं नाही, तर एका कार्डावर प्रश्न लिहून तिला द्या आणि खेळ पुढे न्या. उत्तर पुढच्या सेशनला आलं तरी चालतं. अशा खेळाडूंना आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवला तर फार फरक पडतो. टेबलावर गप्प बसणारी माणसं लिहून पुष्कळदा सगळ्यांपेक्षा चांगलं देतात.

बार्डसाठी वेगळा उपाय लागत नाही. प्रश्न नावाने विचारलात की बाकीच्या चौघांच्या वेळचा हक्क त्याच्याकडे जात नाही. त्याला फक्त एवढं सांगा की उत्तर एका मिनिटात बसायला हवं. मध्येच बोलला तर, "थांब, हे रेंजरचं आहे, तिला तू एक प्रश्न विचार." सुचणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचं काम दिलं की त्याचा उत्साह वाया जात नाही आणि दुसऱ्याचं उत्तरही खुलतं.

खुनाचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे तुम्ही प्रश्नच विचारला नव्हता, क्लेरिकने मोकळी जागा पाहिली आणि भरली. खेळ रचणाऱ्यांमध्ये एक तत्त्व बरंच मान्य आहे: अडचण ज्याने उभी केली त्यानेच ती सोडवली, तर खेळण्यात रस उरत नाही. कुलूपही माझं, किल्लीही माझी, मग दार उघडल्याचा आनंद कसला? म्हणून हद्द इथे आखा. रीतिरिवाज, जागा, माणसं, जुनी भांडणं आणि पात्रांचा भूतकाळ यांत खेळाडूंची भर हवीच. पण आत्ता जे कोडं ते सोडवत आहेत त्याचं उत्तर, आणि पुढे येणाऱ्या संकटाची चाल, ही डीएमकडे. हे टेबलावर उघड सांगा, अगदी याच शब्दांत. खेळाडूंना ही हद्द आवडते, कारण त्यांना कोडं हवंच असतं.

क्लेरिकचं वाक्य तरीही खोडू नका. ते असं घ्या: अख्ख्या बंदराची खात्री आहे की पुजाऱ्यानेच खून केला. देवळाच्या दाराशी लोक जमलेत, पुजारी आतून कडी लावून बसलाय, आणि खरा खुनी मोकळा फिरतोय. तुमच्या सहा सेशनच्या खुणा जशाच्या तशा राहिल्या, उलट वेळेचा ताण वाढला. मात्र क्लेरिकला सेशनआधी बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, "तुझं वाक्य मी घेतलंय, पण गावाची समजूत म्हणून." न सांगता केलंत तर खेळात ते उघड होईल त्या दिवशी तिला फसवल्यासारखं वाटेल. "लोक असं म्हणतात" ही पळवाट दोन-तीनदाच चालते. प्रत्येक उत्तराची अफवा व्हायला लागली की खेळाडू ओळखतात आणि द्यायचं थांबवतात.

आता चाळीस पानं. ती फेकू नका, तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा, टेबलावर प्रत्यक्ष आलेलं: हे पक्कं, यात बदल नाही. दुसरा, गुपितं: खुनी कोण, बेटं बुडताहेत का, असं जे काही असेल ते. हे तुमच्याकडे. तिसरा, कुणी न पाहिलेलं सगळं. नऊ सेशननंतरही बहुधा हाच गठ्ठा सगळ्यांत जाड निघेल. त्यातलं प्रत्येक शीर्षक म्हणजे एक तयार प्रश्न आहे. "चौथ्या बेटावरचा कोळ्यांचा सण" या परिच्छेदाचं असं होऊ शकतं: "क्लेरिक, या सणाला तुझ्या पंथाच्या लोकांनी गावाबाहेर राहायचं असतं. का?" तुमचं उत्तर कागदावर तयार आहे. तिचं वेगळं आलं तर तिचं घ्या. दुसऱ्याने लिहिलेलं पान तिला आठवत नव्हतं, स्वतःचं उत्तर आठवेल. मनासारखा लिहिलेला परिच्छेद असा सोडून द्यायला जिवावर येतं, ते खरं. तो दुसऱ्या बेटावर वापरता येतो.

उडत्या रेल्वेवर खात्रीचा इलाज आहे, तो बेन रॉबिन्स यांच्या 'मायक्रोस्कोप' या २०११ सालच्या खेळातून घ्या. तिथे इतिहास रचायला बसण्याआधी एका कागदावर 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने करतात. 'हो'मध्ये लिहायचं ते असं की जे या जगात असेल असं इतरांना सहसा वाटणार नाही, पण मला हवंय. 'नाही'मध्ये ते, जे इतरांना सहज अपेक्षित असेल, पण मला नकोय. प्रत्येकाने आळीपाळीने एक नोंद करायची. कुणी "मला आणखी नाही" म्हटलं की ती फेरी संपवून थांबायचं. मिठाच्या बेटांसाठी हा कागद असा दिसू शकतो: 'हो' – बोलणारे मासे, बायकांचं आरमार, काचेचे मीठदिवे. 'नाही' – बंदुकीची दारू, मेलेल्यांना परत जिवंत करणं, वाफेची यंत्रं. एवढा एक कागद असता तर रेल्वे आलीच नसती, किंवा सगळ्यांना हवी म्हणून आली असती. या कागदावर भांडायला पूर्ण मुभा द्या. नंतर खेळात वाद घालण्यापेक्षा इथे घातलेला बरा.

रेल्वे आता बोलली गेली आहे, तर फायटरला विचारा की त्याला त्यात काय हवं होतं. वेग? उंची? लोखंडाचा खडखडाट? बहुतेकदा माणसाला त्यातली एकच गोष्ट हवी असते. उंची हवी असेल, तर दोन कड्यांमध्ये दोरावरून सरकणारे मिठाचे पाळणे द्या, आणि पुढची मारामारी तिथे लावा.

सरखेल काका ठेवा. खेळाडू स्वतःच्या फायद्याचं काही आणतो तेव्हा डीएमची पहिली ऊर्मी 'नाही' म्हणायची असते. 'हो' म्हणा आणि त्याला किंमत जोडा. काका सरखेल आहे, मग तू आरमारात का नाहीस? त्याने शेवटचं पत्र फाडून का टाकलं? फाशांवर बोनस नाही, फुकटचं गलबत नाही, पण दार ठोठवायचा हक्क आहे. ते उघडेल की नाही हे फासे आणि फायटरचं वागणं ठरवेल.

विझर्डचं म्हणणं गंभीरपणे घ्या. काही लोकांना खेळताना पात्राच्या डोळ्यांनीच पाहायचं असतं. "हे गाव कसं आहे ते तूच ठरव" म्हटलं की त्यांचं पात्रातून बाहेर पडणं होतं आणि सगळी मजा जाते. ही आवड चुकीची नाही, तिला वळवायला जाऊ नका. त्याला जगाबद्दल विचारूच नका, फक्त पात्राच्या आठवणी विचारा: "या बंदराचं नाव निघालं की तुझा गुरू विषय का बदलायचा?" तेही नको असेल तर त्याला फक्त कोडी द्या. पाचांतले चार जण भर घालताहेत आणि पाचवा ती शोधत फिरतोय, हे टेबल उत्तम चालतं. उलट इतरांनी रचलेलं शोधायला कुणीतरी हवंच.

येत्या सेशनमधली पहिली नव्वद मिनिटं या कामाला द्या. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनची सलग गोष्ट, चालू असताना मध्येच असं बसायला काही हरकत नाही. सामान: ए-थ्री आकाराचा ड्रॉइंग पेपर, पेन्सिली, खोडरबर, तीन बाय पाच इंचांची तीस कार्डं.

पहिली दहा मिनिटं हद्दींसाठी. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: कोणती गोष्ट खेळात अजिबात नको, आणि कोणती असली तरी वर्णन न करता पुढे जायची. चिठ्ठ्या तुमच्याकडे, नावं नाहीत, कारणं विचारायची नाहीत. मग वाचून दाखवा. लहान मुलांना इजा, लैंगिक अत्याचार अशा गोष्टी इथेच बाजूला होतात. पुढे खेळाडू जग रचणार असतील तर हे टाळू नका, कारण नको ती गोष्ट आता पाच तोंडांतून येऊ शकते.

त्यानंतर वीस मिनिटं 'हो-नाही'चा कागद. सहा जणांच्या दोन फेऱ्या, म्हणजे बारा नोंदी. त्याहून जास्त केल्यात तर कुणाच्या लक्षात राहणार नाहीत.

मग पंधरा मिनिटं टंचाईसाठी. ही युक्ती 'द क्वाएट इयर' या एव्हरी ऑल्डर यांच्या २०१३ सालच्या नकाशा काढायच्या खेळातली आहे. तिथे सुरुवातीला प्रत्येक जण वस्तीला लागणारी एक गोष्ट सांगतो. त्यातली एकच मुबलक, बाकी सगळ्यांचा तुटवडा. तुमच्या बेटांवर मीठ मुबलक आहे हे ठरलेलंच आहे. पाच खेळाडूंनी पाच टंचाया सांगायच्या: गोडं पाणी, होड्यांचं लाकूड, वैद्य, खरी नाणी, जे सुचेल ते. पाणी नाही आणि मीठ ढीगभर, एवढ्यावरच व्यापार, चोरी, लाच आणि लढाई उभी राहते. राजकारणाची वेगळी पानं लिहावी लागत नाहीत. माझ्या मते नव्वद मिनिटांतली ही सगळ्यांत मोलाची पंधरा मिनिटं. वेळ कमी पडला तर बाकी काही कापा, हे नको.

अर्धा तास नकाशासाठी. सातही बेटं काढू नका, ज्या बंदरात पात्रं उभी आहेत तेवढंच. किनाऱ्याची रेघ तुम्ही ओढा. मग प्रत्येकाने एक जागा काढायची आणि एक वाक्य सांगायचं, तीन मिनिटांत. लगेच त्याच्या डाव्या हाताला बसलेल्याने सांगायचं की त्या जागेवर कोण नाराज आहे आणि कशामुळे, दोन मिनिटांत. इथला नियम कडक ठेवा: ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा. इतरांनी प्रश्न विचारायचे, सूचना करायच्या नाहीत. सगळ्यांच्या संमतीने रचलेलं जग बेचव होतं. कुणालाच न खटकणारं शिल्लक राहतं, आणि ते कुणाचंच नसतं. विक्षिप्त दीपगृह हवं असेल तर ते एकाच माणसाच्या डोक्यातून यावं लागतं. नकाशाचा निदान तिसरा हिस्सा कोरा सोडा, खेळताना लागतो.

उरलेल्या पंधरा मिनिटांत पाच टंचाया, पाच जागा, पाच गाऱ्हाणी अशी पंधरा कार्डं लिहून मोठ्याने वाचा. एका कार्डावर एकच गोष्ट, एका ओळीत, कोपऱ्यात ती देणाऱ्याचं आद्याक्षर. मागची बाजू रिकामी, ते कार्ड कुठल्या सेशनला वापरलं त्याची तारीख लिहायला.

नावांबद्दल थोडंसं. मराठी टेबलांवर माणसं मराठीत बोलतात आणि गावांची नावं मात्र इंग्रजी ठेवतात, मग ती लक्षात राहत नाहीत. आपल्याकडे जागेचं नावच जागा सांगतं. खिंड म्हटलं की वाट अरुंद आहे हे कळतं, दांडा म्हटलं की समुद्रात घुसलेली वाळूची किंवा खडकाची जीभ दिसते, मेट म्हटलं की गडाच्या वाटेवरची चौकी. पावसाळ्यात राजगड चढलेल्या खेळाडूला माची आणि बालेकिल्ला समजावून सांगावा लागत नाही. वरची माची कुणाच्या ताब्यात आहे एवढंच सांगितलं की तो कुठून चढायचं याचा विचार करायला लागतो. सगळं जग सह्याद्री करा असं म्हणणं नाही. तुमची बेटं काल्पनिकच राहू द्या, पण जागेच्या नावाचा शेवटचा तुकडा ओळखीचा ठेवा. आणि वीस नावांची यादी तयार ठेवा. खेळाडूला माणूस सुचतो, नाव सुचत नाही, आणि तिथे गमतीचं नाव ठेवलं जातं. पुढे त्याच माणसाच्या मरणाचा प्रसंग आला की ते नाव टेबलावर उच्चारवत नाही.

चालू खेळात दर सेशनला दोन-तीनच प्रश्न विचारा. पाच खेळाडूंत प्रत्येकाची पाळी साधारण एक आड एक सेशन येते, तेवढं पुरे. नवीन जागी पोचताना, प्रवासात, रात्रीच्या मुक्कामात विचारा. लढाईत विचारू नका. इनिशिएटिव्हचा, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांचा, क्रम चालू असताना एक जण विचारात पडला की चौघं हात बांधून बसतात. हिस्टरी किंवा रिलिजन या कौशल्यांसाठी टाकलेला फासा चांगला पडला तर खेळाडूला एक बारकावा सांगू द्या, पण कोड्याचं उत्तर तिथून येऊ देऊ नका.

भर घालणं बंद पडतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने: दिलेलं वापरलं जात नाही. खेळाडूने वैरी दिला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि तो चार महिने दिसलाच नाही, तर पुढच्या प्रश्नाला "काहीही चालेल" हेच उत्तर येणार. दर सेशनला दोन कार्डं टेबलावर आणा आणि पाचही आद्याक्षरं फिरती ठेवा. नुसता उल्लेख म्हणजे वापर नव्हे. त्या कार्डामुळे कुणाला तरी काहीतरी निवडावं लागलं, तरच मागे तारीख लिहा. सेशनच्या आदल्या रात्री पिशवीतून न बघता दोन कार्डं काढा आणि विचार करा, यातल्या पहिल्याला दुसऱ्याची गरज का पडेल? फायटरचं दीपगृह, रेंजरचा मुकादम. दीपगृहाचं तेल मुकादम उधारीवर देतो, आणि उधारी थकली आहे. दहा मिनिटांत तयारी होते, आणि दोन खेळाडू एकमेकांच्या गोष्टीत गुंततात.

एक चूक चांगल्या डीएमकडूनही होते. खेळाडूने प्रेमाने गाव दिलं, आणि पहिल्याच प्रवेशाला डीएमने ते जाळलं, कारण त्यात भावना होत्या. त्यानंतर कुणी गाव देत नाही, सगळी पात्रं अनाथ होऊन येतात. संकट आणा, पण ते वाचवायला खेळाडूंना फासे टाकायची संधी मिळाली पाहिजे.

'मायक्रोस्कोप' किंवा 'द क्वाएट इयर' एखाद्या संध्याकाळी स्वतंत्र खेळून पाहा. दुसऱ्याला साधा पत्त्यांचा कॅट लागतो: बावन्न पत्ते, दर पत्त्याला एक आठवडा, बदाम म्हणजे वसंत आणि इस्पिक म्हणजे हिवाळा. त्यात चर्चा घेता येते, पण प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यं बोलायचं आणि निर्णय काही होत नाही. ऐकून घ्यायची सवय त्याने फार लवकर लागते. दोन्ही खेळ चौघांपर्यंत चांगले चालतात. तुम्ही सहा जण आहात, म्हणून दोघादोघांचा एक हात करा, नाहीतर पाळी यायला उशीर होतो आणि माणसं फोन बघायला लागतात.

पुढच्या सेशनसाठी पाच प्रश्न देतो. नव्वद मिनिटांत जे येईल त्याप्रमाणे शब्द बदला, आणि एका रविवारी तीनच वापरा.

रेंजरला वखारीचा, वर दिला आहे तोच. आदल्या दिवशी पाठवून ठेवा.

बार्डला: "या बंदरात तुझं एक गाणं म्हणायला बंदी आहे. त्यातली कुठली ओळ कुणाला झोंबली?"

फायटरला: "धक्क्यावर काकाचं गलबत लागलंय आणि त्यावर झेंडा अर्ध्यावर आहे. वर जाण्याआधी तुला कुणाची नजर चुकवायची आहे?"

क्लेरिकला: "देवळाच्या दाराशी जमलेल्या लोकांत तुझ्या ओळखीचं एकच माणूस आहे, आणि त्याच्या हातात दगड आहे. कोण आहे ते?"

विझर्डला, त्याची तयारी असेल तरच: "गुरूने दिलेल्या नकाशावर हे बंदर खरवडून काढलंय. ते काढताना तू पाहिलं होतंस. त्या रात्री गुरूकडे कोण आलं होतं?"